ओ

डुलुथ. जानेवारी. रात्रीचे पावणेदोन.
कोठारातल्या गव्हाचा ताप मोजणारा बोर्ड
आज येतो, उद्या येतो;
तोवर लॅपटॉपच्या पोटात मी त्याचं सोंग उभं केलंय.
सोंग बिचारं मनापासून उठतं,
मेमरी मोजतं, घड्याळ लावतं,
नेटवर्क कार्ड सापडलं म्हणून एक ओळ छापतं.
मग गप्प.

पत्ता शून्य-दोनपासून सुरू कर, टोइव्हो म्हणाला होता,
शून्य-दोनवाले कुठल्याच कंपनीचे नसतात.
दिला. टॅप जोडला, ब्रिज बांधला.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, सात, दोन, आहेस का?
होस्ट पोहोचत नाही.
होस्ट पोहोचत नाही.
चहा निवला, त्यावर साय धरली.

खिडकीबाहेर खरा पूल,
अख्खा रस्ता उचलून धरणारा.
हंगामातलं शेवटचं जहाज बर्फ फोडत येतं,
भोंगा देतं: एक लांब, दोन आखूड.
पूल तस्साच परत देतो.

तेव्हा दिसलं,
टॅप मी बनवलाय, उठवलाच नाही.
तीन तास दाराला बाहेरून कडी घालून
आतल्याला नावं ठेवत होते.

एकच शब्द टाकला: अप.
आणि कुठंच नसलेल्या त्या बोर्डाकडून
ओ आली.
पहिली अकरा मिलिसेकंदांनी, घर शोधत शोधत;
पुढच्या अर्ध्या-पाऊणच्या.

काम झालं होतं. टोइव्होला निरोप टाकायचा होता.
मी अजून चारदा हाक मारली.
उगाच.