डावा हात

क्लेज नदीकाठच्या शेतात नांगर फिरला
की वर येतात गारगोट्या,
मधाच्या रंगाच्या, अजून धार असलेल्या.
मोठ्या ढेपांना इथे लोण्याचे गोळे म्हणतात;
ओदिलच्या सासऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्याला
त्यांचाच पाया घातला होता.

आज बिटाच्या सरीत सापडली ती मात्र लहानशी,
तळहातात मावणारी तासणी.
गास्तोंने विजारीला पुसली, धरून पाहिली.
बसेना.
अंगठा घसरे, धार भलतीकडे वळे.
"फसलेली दिसते कुणाची तरी," म्हणाला
आणि ट्रॅक्टरवर चढला.

ओदिलने सहज उचलली.
अंगठ्याला खळगा मिळाला,
तर्जनीला टेकायला पाठ.
शाळेत ज्या हातावर सिस्टर क्लोतिल्द
पट्टी उभी धरून मारायच्या,
तो हात.

तासायला कातडं कुठून आणणार?
तिने बिटावरची माती खरवडली,
एकाची, मग दुसऱ्याची,
मग सबंध ओळीची.
ट्रॅक्टर केव्हाच घराकडे वळला होता.
जेवणाची वेळ टळून गेली
दोघींचीही.