मिठाला जागणारं

हे मीठ आहे, म्हटलं मी.
निवृत्तीमामा गांगुर्डेंनी बाटली तिरकी करून बघितली.
वाहतंय की. मीठ कधी वाहतं का, पोरी?

वाहतं.
एक आयन थोराड, दुसरा वाकडा घेतला
तर त्यांची रांग लागत नाही,
आणि रांगेवाचून खडा होत नाही.
माझी पाच वर्षं एवढ्यातच गेली.

पहिलं मीठ फ्लोरिनचं होतं. देखणं.
चार गोळ्यांच्या यंत्रात, चाळीस किलोच्या भाराखाली
तासभर फिरून व्रण इतका बारीक
की मामांनी भिंग दोनदा पुसलं.
मग सातपूरची दमट हवा बुचातून आत शिरली
आणि आठवड्यात पोलादाला पुरळ उठलं.
नासर्डीच्या गाळलेल्या पाण्यात एक थेंब,
त्यात चोवीस पाणपिसवा सोडलेल्या.
सकाळी सगळ्या तळाशी.
मी त्या मोजत होते
आणि ते मीठ खाल्ल्या घरचे वासे.

दुसरं मीठ गरिबाचं.
दिंडोरीच्या वाइनरीत टाक्या खरवडल्यावर निघतात ते खडे,
आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन.
दोन दिवस शेडला माशाचा वास.
शेजारचे प्रेसवाले डोकावले: आज बोंबील का?

व्रण जवळपास दुप्पट.
बेअरिंगवाले खैरनार म्हणाले,
नदीचं ठीक आहे मॅडम, स्पिंडल किती तास चालेल?
प्रश्न वाईट नव्हता. मी पेनचं टोपण लावलं, काढलं.

मामा एकतीस वर्षं लेथवर होते.
कटिंग ऑइलने सोललेली बोटं
अजून दिवाळीच्या उटण्यालाही दाद देत नाहीत.
फार घट्ट आहे गं ते, म्हणाले. पाणी घाल थोडं.
कूलंटला घालतोच की आपण.

पाणी! ज्याला मी वर्षभर
सिलिका जेलच्या पुड्या लावून दाराबाहेर ठेवलं, तेच.

घातलं. शंभराला सात.
यंत्राची कुरकुर खाली आली,
व्रण पहिल्याच्या जवळ. बरोबर नाही, जवळ.
गंजाचं अजून बघायचंय.
पाणपिसवा चोवीसातल्या बावीस पोहत होत्या,
उड्या मारत, जशा त्या मारतात.
दोन का गेल्या?
वहीत लिहिलं: माहीत नाही.

संध्याकाळी मामांनी नळाखाली हात धरले.
साबण नाही. निघालं.
पाणी मोरीतून गटारात, गटारातून नासर्डीकडे.
पहिल्यांदाच मी
ते कुठे जातंय ते बघत उभी राहिले.