तिसरा शेवट

गोरेगावच्या स्टुडिओत दोन दिवस
अंगभर पांढरे ठिपके चिकटवून मी उमाकांत झालो.
उमाकांत, वय एकेचाळीस, चुनाभट्टी,
स्वयंपाकघर, हातात सुरी,
दार आतून लावलेलं.
सुरी फोमची होती. घाम माझा.

शेवट तीन केले.
एकात सुरी ओट्यावर ठेवून खाली बसतो.
एकात खिडकीकडे धावतो.
तिसऱ्यात गोळी.
गादीवर सोळा वेळा पडलो.
दिग्दर्शिका म्हणाली, नाटक कमी करा हो,
माणसं अशी कोसळत नाहीत,
बसकण मारतात नुसती.

पैसे आले. विजेचं बिल भरलं. विसरलो.

आता म्हणे मरोळच्या एका हॉलमध्ये
डोळ्यांवर डबा बांधून हवालदार एकेक करून
माझ्या स्वयंपाकघरात येतात.
कुणी 'ए'ने सुरुवात करतो, कुणी थेट आईवरून,
आणि मी तिसऱ्या शेवटाकडे सरकतो.
कुणी नाव विचारतो
आणि उत्तराची वाट बघतो.
तिथला तंत्रज्ञ सांगत होता,
बंदूक शिकवायला आठवडा पुरतो,
वाट बघायला नाही.
दिवसाला साठ वेळा मी मरतो किंवा बसतो
आणि इकडे मला पत्ताही नसतो,
मी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालत असतो.

परवा रात्री दीडला, वडाळ्याची नाकाबंदी.
हेल्मेट नव्हतं.
स्कूटर बंद करून किल्ली मुठीत धरली.
बॅटरीचा झोत तोंडावर आला आणि थबकला.
त्याच्या तोंडातून 'ए' अर्धा बाहेर पडला होता,
तो त्याने गिळला.
एक पाऊल मागे. जरा तिरका उभा.
दोन्ही तळवे मला दिसतील असे.
छातीवर नाव, तांडेल.
"उमाकांत," अगदी हळू म्हणाला,
"आपल्याला काही घाई नाही."

मी तो नव्हे, एवढंच सांगायचं होतं.
पण या तीन महिन्यांत माझ्याशी कुणी
इतक्या खालच्या पट्टीत बोललं नव्हतं.
मागे टँकर हॉर्न वाजवत होता.
तो वाट बघत राहिला.
माझी मूठ आपसूक उघडली.
किल्लीचे दात उमटले होते तळव्यावर.

मग त्यालाच हसू फुटलं.
"पहिल्या खेपेला मारलं होतं तुम्हाला," म्हणाला,
"दुसऱ्या खेपेला बसवलं."
आणि खिशातून मशीन काढून
नंबरप्लेटचा फोटो घेतला.
पाचशे.