चौकशीच्या खिडकीशेजारी

निपाणी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी
एक काळा फळा होता.
वर गाड्यांच्या वेळा : चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल.
आणि अगदी तळाला, जिथं एरवी
'पाकीटमारांपासून सावध राहा' असतं,
तिथं कंट्रोलर तवनाप्पा मगदूम
रोज सकाळी एक ओळ लिहायचे.

ओळ कसली, चिमूटभर काहीतरी.
मुंगीला फुफ्फुसं नसतात.
वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला.
बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे बांबू.
अडकित्ता हा शब्द कानडीतून आला,
सुपारी कुठून आली ते उद्या.
(उद्याच्याला ते विसरले. सुपारी राहिलीच.)

शनिवारी मात्र ठरलेलं :
एकच उच्चार, दोन भाषा.
हत्ती. मराठीत सोंडेचा, कन्नडमध्ये कापूस.
करडी. इकडं तेलाची, तिकडं अस्वल.
कॉलेजची पोरं आठवडाभर एकमेकांना
'कापसावर बसून आलास काय रे' विचारायची
आणि सात-चाळीसची चिकोडी
अर्धी हसत, अर्धी लोंबकळत सुटायची.

मी ती ओळ उतरून घ्यायची
आईच्या विडीच्या लॉगबुकात, मागच्या पानांवर.
पुढून आकडे : विड्या हजार, छाट साठ, सही.
मागून मुंग्या, नद्या, अस्वलं.
संध्याकाळी आई सूप मांडीवर घेऊन
पानाला कात्री लावत विचारायची,
"आज काय लिवलंय मगदूमानं?"
"मने," मी वाचलं. "मराठीत मन, मने. कन्नडमध्ये घर."
तीन विड्यांना दोरा बसेपर्यंत ती गप्प.
मग म्हणाली,
"घर योक, मनं धा. बराबर लिवलंय."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात
कुणीतरी रातोरात फळ्याला डांबर फासलं.
ओळीलाच नव्हे, वेळांनाही.
यांनी केलं म्हणणारे होते, त्यांनी केलं म्हणणारेही,
आणि गडहिंग्लजला जाणारी एक म्हातारी,
जिला फक्त गाडी किती वाजता ते हवं होतं.
मगदूम दिवसभर खिडकीतून ओरडत राहिले.
दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला.

मी परतीच्या गाडीतून उतरले तेव्हा
फळ्याखाली, उघड्या भिंतीवर, खडूनं लिहिलेलं :
डांबर. कन्नड : डांबरु. अर्थ तोच.

कुणी हसलं नाही.
हुक्केरीकडचा एक कंडक्टर, फकीरप्पा,
पाकीट काखेत मारून बराच वेळ बघत उभा.
मग मगदूमांच्या हातातला खडू घेऊन
तोच शब्द त्यानं खाली कन्नड अक्षरांत लिहिला,
शेवटच्या उकाराचं शेपूट नीट वळवून.
"चहा?" तो म्हणाला.
त्याला काही भाषांतर लागलं नाही.

घरी मी आईला वाचून दाखवलं.
तिनं सूप बाजूला सारलं, बोटं पुढं केली.
नखांच्या कडेला, पेरांच्या रेघांत
वीस वर्षांची तंबाखू.
"आनि ह्येला? ह्येला काय म्हंत्यात त्यांच्यात?"
मला कन्नड तर सोडाच,
मराठीतही सुचेना.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी जाऊन विचारलं.
मगदूमांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"विचारून सांगतो. उद्या लिहितो बघ."

त्याच्या दुसऱ्या दिवशी ओळ उंटाची होती :
उंटाच्या कुबडात पाणी नसतं, चरबी असते.

आता तिथं लाल दिव्यांची पाटी आहे.
गावांची नावं सरकत येतात, सरकत जातात,
तळाला काही थांबत नाही.
लॉगबुक माझ्याकडं आहे.
पानं पिवळी, वास अजून उग्र.
उंटाच्या वरती मी तेव्हा एक ओळ मोकळी सोडली होती.
आईनं परवा बोट ठेवून विचारलं,
"हितं काय ऱ्हायलंय गं?"