आईची रजा

वडगाव शेरीच्या आवारात सहा घरं,
घरागणिक दहा मुलं, एक आई.
आमच्या दारावर निळी पाटी: घर क्रमांक चार.
खाली समुद्रापलीकडच्या कुण्या कुटुंबाचं आडनाव,
आम्हांला कधीच नीट म्हणता न आलेलं.

नाताळाआधी फोटो निघायचा.
चापूनचोपून तेल, छातीशी नावाचा पुठ्ठा.
"हस गं, तिकडं फ्रिजवर लावतात,"
सलोमीआई म्हणायची.
मी हसायचे. फ्रिज तोवर पाहिला नव्हता.

मे महिन्यात तिला पंधरा दिवस रजा.
ती जालन्याला जायची, भावाकडं.
बदली आई यायची.
तिच्या वरणात हिंग जास्त, प्रार्थना लांबलचक,
आमेन म्हणेपर्यंत वरण गार.
रात्री अंधारात धाकटा आमोस विचारायचा,
"आईला पगार मिळतो?"
कुणी बोलायचं नाही.
मोरीतला नळ तेवढा ठिबकायचा.

अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा
ऑफिसनं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं,
आणि सही घेऊन चाव्यांचा जुडगा ठेवून घेतला.

परवा ती खराडीला, माझ्या खोलीवर आली.
पिशवीत घड्याळ, अजून खोक्यातच.
"किती दिवस राहशील" विचारायचं होतं,
तोंडातून गेलं, "रजा किती?"
ती खूप हसली. पदरानं डोळे पुसले.

मग भात लावायला उठली.
सवयीनं डब्यातून मुठी काढत गेली,
मोजल्या, थांबली,
बऱ्याचशा परत टाकल्या.
एक तेवढी पुन्हा उचलली.

"आमोस आला तर."