नीम नावाचं शहर

मृणाल मॅडमचं कार्ड आलं. शहराचं नाव नीम.
मी तर नीमाखालीच बसलो होतो,
रिठीच्या फाटकापाशी, त्या निळ्या पाटीला टेकून
जिच्यावरची अर्धी अक्षरं शेळ्यांनी अंग घासून नेली.

कार्डावर दगडाचं गोल रिंगण, कमानीवर कमान,
दोन हजार वर्षं, आणि खांदा वाकलेला नाही.
सोमाजी, इथं अजून बैल उतरवतात, मॅडम लिहितात.
आमच्या शंकरपटाला दोन दोऱ्या पुरतात,
धूळ बसली की कुठून पळालो
ते बैलालाही सांगता यायचं नाही.

याआधीचं स्प्लिटचं होतं: सम्राटाच्या महालात लोक राहतात,
राजाच्या खिडकीत कुणाची तरी बनियन वाळते.
त्याआधी मेरिदा. पाणी नेणाऱ्या तुटक्या खांबांवर
ढोकांची घरटी.
ढोक तेवढे ओळखीचे वाटले.

आमची रीठ म्हणजे माती. उभं असं काही नाही.
एक कड वैनगंगेनं खाल्ली,
हातभर लांब विटा गावानं नेल्या,
सयत्राच्या चुलीमागं आहेत, देवळाच्या पायरीत आहेत
आणि, खरं सांगतो, माझ्या न्हाणीतही दोन.

चौथ्या खड्ड्याची माती चाळताना
सयत्राला बिल्ला सापडला. भाजलेला, वर भोक,
मधे एका माणसाचं तोंड.
"हा तं माह्या सासऱ्यावानी दिसते."
मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
रोमचा राजा, म्हणाल्या. नाणं असेल कुणा व्यापाऱ्याचं,
ज्याला परवडलं नाही
त्यानं तोंड तेवढं मातीत दाबून घेतलं
आणि गळ्यात घातलं.
आगपेटीत, कापसावर बसून राजा नागपूरला गेला.
कपाटाचा नंबर माझ्या वहीत आहे.

खड्डे बुजवले. तरोटा उगवला.

काल तान्हा पोळा.
सयत्राचा नातू लाकडी बैल ओढत फाटकाशी आला,
बैलाच्या गळ्यात मातीचा बिल्ला,
चुलीत भाजलेला, एका बाजूनं काळा,
त्यावर पाच रुपयांचा ठसा, पाच उलटा,
भोक खराट्याच्या काडीचं.
"कोनं शिकवलं रे?"
"कोनीच नाही."

रिठीवर दिसेल ते वहीत लिहायचं, असा नियम आहे.
मी पेन उघडलं.
पोराला बोजारा दिला.
पेन बंद केलं.

मॅडमला आता काय लिहू?
नीम बरा आहे. शेळ्या बऱ्या आहेत.
ढोक यंदा अजून आलेले नाहीत.