रकाना सातवा

हेलसिंकीत, तिसऱ्या मजल्यावर, एकतीस वर्षं
मी गेलेल्यांना त्यांच्या कामाचा आकडा देत आले.
नाव झाकायचं. सातव्या रकान्यात धंदा.
सुतार: नाकाच्या पोकळीत बसलेला भुसा.
कोळी: खालचा ओठ, उन्हानं करपलेला.
वेटर: जीभ, घसा.
धुराडी साफ करणाऱ्यांचं तर विचारूच नका.
माळी मात्र अपेक्षेपेक्षा कमी.
हे कळलं त्या संध्याकाळी मी
खिडकीसाठी जिरेनियमचं रोप घेतलं
आणि ट्राममध्ये स्वतःलाच हसले.
कारकून: अपेक्षेइतकेच.

'अपेक्षित' हा डॉक्टर कल्लिओमाकींचा लाडका शब्द.
अपेक्षित चार, प्रत्यक्षात एकोणीस.
वरचे पंधरा कुणाच्या हिशेबातले,
हे लिहायला रकाना नव्हता.

मग तुर्कूहून एक कार्ड आलं.
लेम्पी सालोरांता, एकाहत्तर. फुप्फुसाचं आवरण.
हा तर गोदीतल्या माणसांचा आजार,
जहाजाच्या पोटात पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळणाऱ्यांचा.
सातव्या रकान्यात: घरकाम.
घरकामाला शून्य. यंत्रानं निमूट गिळलं.

मी फाइल मागवली. सहसा मागवत नाही.
नवरा तौनो, गोदीतला. वय शहात्तर, हयात.
फोनवर हळू बोलत होता,
मधेच कॉफी उतू गेली म्हणून उठला,
परत आल्यावर मी कोण, हे पुन्हा विचारलं.
म्हणाला, शनिवारी मी घरी यायचो
तो गिरणीतून आल्यासारखा, पांढरा.
माझी डांगरी ती बाहेर झटकायची,
दोन बर्चांमध्ये बांधलेल्या दोरीपाशी,
आतला फरशीचा कोपरा नुकताच पुसलेला म्हणून.
पोरं ओरडायची, आईच्या केसांत बर्फ!
जून महिन्यात.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.
चांगला, खोल, बिनतक्रार श्वास.
मग विचारलं त्यानं,
मला कसं काही झालं नाही हो?
तुमच्याकडे असेल ना त्याचा आकडा.

माझ्याकडे जिरेनियम होतं. दोन वेळा मेलेलं,
दोन वेळा नवं आणलेलं.

कार्डाच्या कडेला मी पेन्सिलनं लिहिलं:
धुणं. बावीस वर्षं. बिनपगारी.
नियमाबाहेरचं आहे ते, शिवाय
यंत्राला पेन्सिल वाचता येत नाही.
जानेवारीत माझ्या खुर्चीवर एक मुलगी येणार आहे,
घाईची, तरतरीत.
तिनं कार्ड उजेडाकडे धरलं तर दिसेल.
'बिनपगारी'वर टोक मोडलं होतं,
तिथं कागद थोडा फाटलाय.